हरकीपासून हुकूमनाम्यापर्यंत : सातारा-सांगलीतील दाव्याच्या खर्चाचा इतिहास

मराठेशाहीतील निवाडपत्रांत, म्हणजे वादाच्या लेखी निकालपत्रांत, निर्णयाचा मजकूर संपल्यावर बहुधा दोन रकमांचा विषय येतो. ज्याचे म्हणणे खरे ठरले त्याने सरकारात भरावयाची रक्कम ती हरकी आणि ज्याचे खोटे ठरले त्याने भरावयाची ती गुन्हेगारी. वाद जिंकणाऱ्यानेही पैसे भरावेत ही गोष्ट आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटते. परंतु न्याय मिळाल्याच्या आनंदाने दिलेली भेट या कल्पनेतून ही हरकी आली होती, आणि तिचा आकडा पक्षकाराची ऐपत व वादातील वतनाचे किंवा जमिनीचे मोल पाहून ठरत असे. एका पक्षकाराने दुसऱ्याचा खर्च भरून द्यावा हा विचार या व्यवस्थेत ठळकपणे दिसत नाही, कारण दोघांचेही देणे सरकारशी होते. हरलेल्याने जिंकलेल्याच्या वकिलाची फी भरावी, ती किती भरावी आणि मागितलेली रक्कम वाजवी आहे की नाही याची तपासणी कोणी करावी, हे प्रश्न सातारा-सांगलीच्या मुलखात इंग्रजी अमलाबरोबर आले. त्यांना गेल्या दोनशे वर्षांत मिळालेली उत्तरे पाहिली तर या भागातील शेतकरी, सावकार, वकील आणि सरकार यांच्या परस्परसंबंधांचा एक फारसा न वाचलेला इतिहास हाती लागतो.

जुन्या पद्धतीत पक्षकार स्वतःच बोलत असे. फिर्याद करणारा अग्रवादी आणि उत्तर देणारा पश्चिमवादी हे दोघे गोतसभेपुढे, म्हणजे गावचे पाटील-कुलकर्णी, वतनदार आणि बलुतेदार यांच्या एकत्र बैठकीपुढे, आपापली तकरीर, म्हणजे आपले म्हणणे, लिहून देत. सभेचा निर्णय मान्य करू अशी कबुली आधीच लिहून देत, तिला राजीनामा म्हणत. त्यासाठी जामीन देत. आणि निकाल लागल्यावर हरलेला पक्ष यजितखत, म्हणजे आपली हार कबूल असल्याचा कागद, जिंकणाऱ्याच्या हवाली करी. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे पेशव्यांचे न्यायाधीश म्हणून महाराष्ट्राच्या स्मरणात राहिले आहेत. त्यांच्यासमोर येणाऱ्या वादातही पैसे घेऊन दुसऱ्याची बाजू मांडणारा धंदेवाईक वकील नव्हता. खर्च मात्र होताच. प्रतिपक्षाला बोलावून आणण्यासाठी सरकारी प्यादा गेला की त्याचा ‘मसाला’ ज्याच्याकडे तो गेला त्याच्यावर बसे आणि तो दारात जितके दिवस थांबेल तितके दिवस त्याचा शिधा-भत्ताही त्याच घरातून निघे. कर्जवसुलीत सरकारचे साहाय्य घेतले तर वसूल रकमेतील चौथाई सरकारजमा होत असे. या व्यवस्थेला आदर्श ठरविण्याचे कारण नाही, कारण ऐपत पाहून आकारणी करणारा अधिकारी ऐपतीपेक्षा अधिकही आकारू शकत होता आणि त्याच्या अंदाजाला आव्हान देण्याची ठरलेली वाट नव्हती. तरी खर्चाचा आकडा माणसाची परिस्थिती पाहून ठरावा हे तत्त्व तिच्यात होते, आणि पुढच्या व्यवस्थेने नेमके तेच सोडून दिले.

‘वकील’ हा शब्द त्या काळी दरबारी प्रतिनिधीसाठी वापरला जात असे. साताऱ्याच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध वकील रंगो बापूजी गुप्ते हे याच जुन्या अर्थाने वकील होते. ५ सप्टेंबर १८३९ रोजी कंपनी सरकारने प्रतापसिंह छत्रपतींना गादीवरून दूर केल्यावर त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे राहिले. त्या अवधीत १८४७ मध्ये काशीला प्रतापसिंहांचा अंत झाला आणि १८४८ मध्ये शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारल्यावर साताऱ्याचे राज्यही खालसा झाले. ज्याच्या वतीने बोलायचे तो राजा राहिला नाही आणि ज्या राज्यासाठी बोलायचे ते राज्यही राहिले नाही, तरी वकील मात्र परक्या शहरात खर्च सोसत उभा होता. त्याने अन्यायाबद्दल दाद मागितली ती सत्ताधाऱ्यांकडेच, आणि तेथे हार झाली तर खर्च कोणी कोणाला द्यावा असा प्रश्न उपस्थितच होत नव्हता.

धंदेवाईक वकिलाला मुंबई इलाख्यात कायद्याने जागा दिली ती १८२७ च्या नियमावलीने, जिला एल्फिन्स्टनच्या नावाने ओळखले जाते. तिच्यातील दुसऱ्या रेग्युलेशनने दिवाणी न्यायालयांची रचना ठरविली, सनदी वकिलांची तरतूद केली आणि त्यांच्या फीचे कोष्टकही जोडले. फी दाव्याच्या रकमेवर शेकडेवारीने काढावयाची होती. वकिलाने किती दिवस काम केले, किती कागद वाचले, किती साक्षीदार तपासले याचा तिच्याशी संबंध नव्हता. पुढे १८४६ च्या पहिल्या कायद्याने कंपनीच्या न्यायालयांतील वकिली कोणत्याही धर्माच्या वा वंशाच्या लायक माणसाला खुली केली आणि त्याच वेळी फीविषयी एक बदल केला. पक्षकाराने आपल्या वकिलाला किती पैसे द्यावेत हे त्या दोघांनी खाजगी कराराने ठरवावे, तो करार वकीलपत्रात लिहिण्याचीही गरज नाही. परंतु एका पक्षाचा खर्च दुसऱ्यावर बसवायचा झाला तर वकिलाच्या फीची रक्कम जुन्या कोष्टकाप्रमाणेच धरावी. या तरतुदीने एकाच फीचे दोन तुकडे पडले. एक प्रत्यक्ष दिलेली फी, जी बाजारभावाने वाढत गेली आणि जिच्याकडे न्यायालयाने पाहिले नाही. दुसरी प्रतिपक्षाकडून वसूल होणारी फी, जी कोष्टकात गोठून राहिली. पहिली फी अवाजवी असली तरी प्रतिपक्षाला तिची झळ नाही, आणि दुसरी गणिताने निघत असल्यामुळे तिच्याविरुद्ध बोलायला जागा नाही. वाजवीपणाचा वाद या दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत हरवून गेला.

साताऱ्यात ही व्यवस्था एकदम आली नाही. १८१९ च्या तहानंतर प्रतापसिंहांच्या राज्यात पंचायतीची रीत चालू होती; खालसा झाल्यानंतर बार्टल फ्रिअर कमिशनर असताना आणि त्यापुढील काळात इलाख्याची न्यायपद्धती तेथे हळूहळू रुजली. पटवर्धनांच्या तासगाव शाखेचा मुलूख १८४८ मध्ये खालसा होऊन पुढे सातारा जिल्ह्यात आला, तर सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने आपापली न्यायालये राखून होती. संस्थानी न्यायालयांनी इंग्रजी मुलखातील कायद्यांचे वळण पुष्कळसे उचलले. पण हद्दी इतक्या एकमेकींत गुंतल्या होत्या की तासगावच्या सावकाराला सांगली संस्थानातल्या कुळावर दावा लावायचा तर न्यायालयही वेगळे आणि वकीलही वेगळा.

दोन तुकड्यांची ही पद्धत कागदावर कशी दिसते हे पाहायचे असेल तर दिवाणी हुकूमनाम्याचा, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीयोग्य सारांशाचा, शेवटचा भाग वाचावा लागतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेला जोडलेल्या नमुन्यात मजकुराखाली खर्चाचा तक्ता आहे, डावीकडे वादी आणि उजवीकडे प्रतिवादी. वादपत्राचा स्टॅम्प, वकीलपत्राचा स्टॅम्प, दाखल केलेल्या कागदांचा स्टॅम्प, वकिलाची फी, साक्षीदारांचा भत्ता, कमिशनरची फी, समन्स बजावणीचा खर्च अशा बाबी एकाखाली एक येतात आणि तळाशी बेरीज. यातील वकिलाच्या फीची ओळ इतर ओळींपेक्षा वेगळी आहे. तेथे ‘इतक्या रुपयांवर’ एवढे शब्द छापलेले असतात आणि दाव्याची रक्कम भरण्यासाठी जागा कोरी ठेवलेली असते. वकिलाने काय केले हे लिहायला तेथे जागाच नाही. स्टॅम्प, भत्ता आणि बजावणी हे प्रत्यक्ष झालेले खर्च आहेत, आणि त्यांच्याच रांगेत बसलेली वकील फी मात्र मानीव आहे. तक्ता न्यायाधीशाने नव्हे, कारकुनाने तयार करायचा, आणि त्याला लागते ते दाव्याचे मूल्य, कोष्टक व गुणाकार. मराठीत ‘खर्चासह दावा मंजूर’ हे शब्द विजयाचे मानले जातात, पण त्या ‘खर्चा’त मोजलेली फी आणि पक्षकाराने वकिलाच्या हाती ठेवलेली रक्कम यांचा मेळ क्वचितच बसतो. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ या म्हणीत जिंकणाऱ्याचीही व्यथा आहे, ती याच फरकाची.

असे असूनही त्या कोष्टकाने एक मोठे काम केले, आणि त्याची नीट किंमत करण्यासाठी १८७० नंतरच्या दशकाकडे वळावे लागते. १८७० च्या कोर्ट फी कायद्याने लहान दाव्यांवर पाच रुपयांमागे सहा आणे अशी आकारणी बसविली, म्हणजे शंभर रुपयांच्या दाव्याला साडेसात रुपयांचा स्टॅम्प. हा स्टॅम्प दाव्याच्या वेळी सावकार भरी, परंतु हुकूमनामा त्याच्या बाजूने झाला की तो खर्च कुळाच्या डोक्यावर बसे; त्यात समन्साचा खर्च आणि कोष्टकी वकील फी मिळे, आणि मुद्दल, व्याज व खर्च यांची एक बेरीज होऊन ती दरखास्तीने, म्हणजे हुकूमनाम्याच्या बजावणीच्या अर्जाने, वसूल होई. कुळ बहुतेक वेळा न्यायालयात हजरच होत नसे. १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध झालेल्या दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने एकतर्फी हुकूमनाम्यांचे मोठे प्रमाण नोंदविले आहे. जो हजरच नाही तो खर्चाच्या तक्त्याला हरकत कशी घेणार? त्या काळी वकिलाने प्रत्यक्ष घेतलेली फी वसूल करण्याची मुभा सावकाराला असती तर गैरहजर कुळाच्या नावावर वाटेल तो आकडा चढला असता. कोष्टक निष्ठुर होते, वकिलाच्या श्रमाला आंधळे होते, पण ते एक कुंपणही होते, आणि त्या कुंपणाच्या आत उभा होता तो कोरेगाव-खटावचा आणि वाळवा-शिराळ्याचा निरक्षर शेतकरी.

हे संरक्षण पुरेसे नव्हते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांचे कागद जाळण्यात आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सातारा जिल्ह्यातील कोकरूडला, जे आज सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यात आहे, तसाच प्रकार झाला. दंगा करणाऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोखे आणि हुकूमनामे यांच्यावर होता ही गोष्ट या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण कर्जाइतकाच त्या कर्जावर चढलेला न्यायालयाचा खर्चही त्याच कागदांत होता. खटाव तालुक्यातील कटगुण हे ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव, त्या महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या दुःखांचा जो पाढा वाचला आहे, त्यात न्यायकचेरीतील कारकून आणि तेथे होणारी शेतकऱ्याची लूट यांना मोठी जागा आहे.

दंग्यांनंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे आले. हा कायदा सावकारी व्याजाच्या संदर्भात नेहमी सांगितला जातो, परंतु खर्चाच्या इतिहासात त्याचे स्थान त्याहून मोठे आहे, कारण वकील फीचा प्रश्न त्याने मुळापासून हाताळला. दहा रुपयांपर्यंतचे दावे ऐकण्यासाठी गाव मुन्सफ आणि दावा लावण्यापूर्वी तडजोड घडवून आणण्यासाठी सलोखा करणारे मध्यस्थ अशी दोन पदे निर्माण झाली, आणि या दोघांसमोर, तसेच दुय्यम न्यायाधीशासमोरील या कायद्याखालच्या शंभर रुपयांपर्यंतच्या कामांत, वकिलाला उभे राहण्यास कलम ६८ ने सामान्यतः मनाई केली. न्यायाधीशाला आवश्यक वाटल्यास कारण नोंदवून परवानगी देता येत असे. एका बाजूला वकील असेल आणि समोर एकटा शेतकरी असेल, तर त्याच्यासाठी सरकारी वकील किंवा अन्य योग्य व्यक्ती देण्याचा अधिकार पुढच्याच कलमाने न्यायाधीशाला दिला. वाजवी फी कोणती हे ठरविण्यापेक्षा लहान दाव्यात फीचाच प्रवेश बंद करावा, आणि वकील आलाच तर तो दोन्ही बाजूंना मिळावा, असा हा विचार होता.

त्याच कायद्याने विशेष न्यायाधीशाचे पद निर्माण केले. त्याने दुय्यम न्यायालयांची दप्तरे मागवून निकाल कायदेशीर आणि योग्य आहेत की नाहीत हे पाहायचे होते, आणि त्यासाठी हरलेल्याने अर्ज केलाच पाहिजे अशी अट नव्हती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या तपासणीच्या कामात अनेक वर्षे घालविली. पुणे-साताऱ्याच्या मुलखात गावोगाव फिरून कनिष्ठ न्यायालयांची कागदपत्रे वाचण्याचे हे काम होते. जो स्वतः वकील देऊ शकत नाही, ज्याला निकाल वाचता येत नाही आणि ज्याला आपल्यावर किती खर्च बसला हेही समजत नाही, त्याच्या वतीने सरकारी पगारावरच्या न्यायाधीशाने फेरविचार करावा, ही तरतूद आजच्या कोणत्याही खर्चविषयक सुधारणेपेक्षा पुढची होती असे म्हणावे लागते. सलोख्याची यंत्रणा पुढे गुंडाळली गेली आणि कायद्याला अनेक ठिगळे लागली. मात्र सातारा जिल्ह्याने ही पद्धत प्रत्यक्ष चाललेली पाहिली होती.

न्यायालयाबाहेरचा प्रयोगही मूळच्या सातारकराच्याच पुढाकाराने झाला. पुणे सार्वजनिक सभेचे संस्थापक गणेश वासुदेव जोशी, ज्यांना सारा महाराष्ट्र सार्वजनिक काका म्हणतो, यांचा जन्म १८२८ मध्ये साताऱ्याचा. स्वतः वकील असून त्यांनी लवाद कोर्टांचा पुरस्कार केला. लवाद म्हणजे दोन्ही पक्षांनी राजीखुशीने नेमलेला पंच, आणि त्याच्यासमोर तंटा मिटला तर स्टॅम्पही नाही आणि वकिलाची फीही नाही. वकिलानेच वकिलाच्या खर्चाला पर्याय उभारावा यात विसंगती नाही. त्या पिढीतील चांगल्या वकिलांना आपल्या धंद्याचा भार कोणावर पडतो हे रोज समोर दिसत होते.

कोष्टकाच्या कुंपणाबाहेर काय असते, याचा अनुभव महाराष्ट्राला १९१९ मध्ये लंडनमध्ये आला. सर व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकातील मजकुराबद्दल लोकमान्य टिळकांनी चिरोल आणि मॅकमिलन प्रकाशनसंस्था यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. तो जानेवारी १९१९ च्या अखेरीस न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यासमोर सुरू झाला; टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन आणि चिरोल यांच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन असे त्या काळचे नामांकित बॅरिस्टर उभे होते. साताऱ्याचे ज्येष्ठ वकील रघुनाथ पांडुरंग ऊर्फ दादासाहेब करंदीकर या कामासाठी टिळकांबरोबर लंडनला होते. २१ फेब्रुवारीला निकाल विरुद्ध गेला आणि स्वतःच्या खर्चाबरोबर प्रतिपक्षाचा खर्चही टिळकांवर आला. त्या काळी इंग्लंडमध्ये प्रतिपक्षाच्या वकिलाची फी कोष्टकाने काढत नसत. जिंकणारा आपल्या खर्चाचे तपशीलवार बिल न्यायालयाच्या टॅक्सिंग मास्टरपुढे ठेवी, हरलेला एकेका रकमेवर हरकत घेई, आणि हा अधिकारी कोणती रक्कम आवश्यक व योग्य होती हे ठरवी. ‘टॅक्सेशन’ या कायद्याच्या शब्दाचा कर-आकारणीशी काही संबंध नाही; त्याचा अर्थ बिलाची अशी छाननी असा आहे. ही छाननी असूनही दोन्ही बाजूंचा मिळून खर्च तीन लाख रुपयांच्या घरात गेल्याचे सांगितले जाते, आणि तो भागविण्यासाठी महाराष्ट्रभर वर्गणी जमली. तोच दावा साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात चालून हरला गेला असता तर प्रतिपक्षाच्या वकील फीपोटी द्यावी लागलेली रक्कम त्या मानाने नगण्य असती. करंदीकरांसारख्या मुफस्सल, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणच्या, वकिलाला हा फरक आयुष्यभराच्या कामामुळे नेमका ठाऊक असणार.

त्यानंतरच्या अर्धशतकात कायद्याने जुन्याच चौकटीला डागडुजी केली. १९२० च्या मुंबई प्लीडर्स कायद्याने कोष्टक नव्या परिशिष्टात आणले. १९२२ मध्ये दिवाणी संहितेत कलम ३५-अ घालून खोट्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने लावलेल्या दाव्यासाठी एक हजार रुपयांपर्यंत भरपाईची सोय झाली. १९२६ च्या कायद्याने वकिलाला कराराने ठरलेल्या फीसाठी पक्षकारावर दावा करण्याचा मार्ग दिला. एक हजार रुपये ही १९२२ मध्ये मोठी रक्कम होती. ती मर्यादा १९७६ मध्ये तीन हजार झाली आणि तेथेच थांबली.

या चौकटीबाहेर दोन प्रयोग झाले आणि दोन्ही याच भूमीत झाले. औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये जी स्वराज्य-घटना अमलात आणली तिच्यात गावपंचायतीला दिवाणी आणि फौजदारी अधिकार होते, आणि बहुतेक तंटे गावातच, गावच्या भाषेत, पंचांसमोर मिटावेत असा हेतू होता. औंधचा मुलूख आज साताऱ्याच्या खटाव तालुक्यापासून सांगलीच्या आटपाडीपर्यंत विखुरलेला आहे. त्यानंतर १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने कुंडल आणि आसपासच्या गावांत न्यायदान मंडळे चालविली. जमिनीचे, गहाणाचे, नांदणुकीचे वाद तेथे स्टॅम्पाशिवाय आणि वकिलाशिवाय निकालात निघाले, आणि एकदा दिलेला निर्णय अमलात येत असे. या मंडळांच्या शिक्षा कठोर होत्या आणि त्यांच्यावर अपील नव्हते, हे लपविण्याचे कारण नाही. तरी इंग्रजी न्यायालयाच्या खर्चाला कंटाळलेल्या माणसाने त्यांच्याकडे का वळावे, हे समजण्यासाठी हुकूमनाम्याखालचा तक्ता पुरेसा आहे.

मार्च १९४८ मध्ये सांगली संस्थान विलीन झाले, १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याला सांगली हे नाव मिळाले. संस्थानी न्यायालये गेली आणि दोन्ही जिल्ह्यांत एकच पद्धत आली. १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्यात पुढे भर घातलेल्या उपकलमाने प्रतिपक्षाच्या वकिलाच्या फीपोटी किती खर्च द्यावा याचे नियम करण्याचे काम उच्च न्यायालयाकडे सोपविले. संहितेच्या १९७६ च्या दुरुस्तीने नोटीस, टंकलेखन, नकला अशा बारीकसारीक खर्चाचाही विचार केला. वकिलाच्या फीबाबत मात्र प्रत्यक्ष आणि मानीव यांतील अंतर वाढतच गेले.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या निकालात या अंतरावर बोट ठेवले आणि दिला जाणारा खर्च हा प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्च असावा, त्यात वकिलाची फीही यावी, असे सांगितले. त्यानंतर दिल्लीतील एका वादात तेथील उच्च न्यायालयाने जिंकणाऱ्याचा प्रत्यक्ष वकील-खर्च म्हणून ४५ लाख २८ हजार रुपये हरलेल्यावर बसविले. संजीवकुमार जैन विरुद्ध रघुबीर सरन चॅरिटेबल ट्रस्ट या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले आणि ऑक्टोबर २०११ मध्ये न्यायालयाने तो आकडा टिकू दिला नाही: नियमांनी मर्यादा घातली असताना ती ओलांडून प्रत्यक्ष फी वसूल करून देता येत नाही, नियम तोकडे असतील तर नियम बदलावेत. पुढच्या वर्षी विधी आयोगाने आपला २४० वा अहवाल याच विषयावर दिला. कोष्टकाचे कुंपण हरलेल्याला किती वाचविते याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे मिळणे कठीण आहे. आणि कोष्टक किती जुने झाले आहे हेही त्याच उदाहरणाने दाखविले.

सांगली आणि सातारा जिल्ह्यांत हा प्रश्न आता प्रत्यक्ष उभा राहण्याजोगा झाला आहे. २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने व्यापारी वादांपुरते संहितेचे कलम ३५ बदलून टाकले आणि हरलेल्याने जिंकलेल्याचा ‘वाजवी खर्च’ द्यावा, त्यात वकिलाची फी धरावी, असा सर्वसाधारण नियम केला. २०१८ च्या दुरुस्तीने अशा वादाची किमान रक्कम एक कोटीवरून तीन लाखांवर आली. सांगलीच्या बाजारात हळदीचा आणि तासगावला बेदाण्याचा जो व्यवहार होतो, त्यात व्यापाऱ्यांमधील तीन लाखांचा वाद ही मोठी गोष्ट नाही. अशा वादात न्यायालयाने पक्षकारांचे वर्तन पाहायचे आहे, कोणी अंशतः जिंकले असल्यास ते ध्यानात घ्यायचे आहे, तडजोडीचा योग्य देकार कोणी नाकारला का हे तपासायचे आहे. म्हणजे १८२७ पासून कारकुनाने गुणाकार करून भरलेल्या ओळीवर आता न्यायाधीशाने विचार करायचा आहे.

विचार कशावर करायचा, ही यातली खरी अडचण आहे. अमेरिकेत सामान्यतः प्रत्येक पक्ष आपापला खर्च सोसतो, परंतु नागरी हक्कांसारख्या काही कायद्यांखाली हरलेल्यावर फी बसते, आणि तेथे १९८३ च्या हेन्सली विरुद्ध एकरहार्ट या निकालापासून कामाचे वाजवी तास गुणिले वाजवी दर हा हिशेब मानला जातो. हरकत घेणारा पक्ष वकिलाची दैनंदिन नोंद मागतो. एकाच कामाला दोन वकील का, हरलेल्या मुद्द्यावरचे तास यात का धरले, शिकाऊ माणसाच्या कामाला ज्येष्ठाचा दर का, असे प्रश्न विचारतो. जिल्हा पातळीवरील आपल्या वकिलीत तासांची अशी नोंद ठेवण्याचा प्रघात नाही. फी कामाच्या टप्प्यांवर ठरते, थोडी वकीलपत्राच्या वेळी, थोडी पुराव्याच्या वेळी, उरलेली युक्तिवादापूर्वी. पुष्कळदा रोखीने, आणि पावती मागणे अविश्वासाचे लक्षण मानले जाते. जिथे बिलच नाही तिथे त्याच्या वाजवीपणाला आव्हान कसे द्यायचे? पावती, टप्प्यांचा लेखी करार आणि बँकेतून दिलेले पैसे एवढे दाखल करण्याची सक्ती झाली, तरच हरलेल्या पक्षाला हरकत घ्यायला काही हाती लागेल. नाहीतर ‘वाजवी’ या शब्दाचा अर्थ न्यायाधीशाच्या अंदाजावर राहील आणि हरकी-गुन्हेगारीच्या काळातील ऐपतीच्या अंदाजाहून ती स्थिती फार वेगळी नसेल.

व्यापाऱ्यांच्या वादापुरती ही छाननी योग्य आहे, कारण दोन्ही बाजूंना हिशेब ठेवता येतो आणि दोघांनाही वकील परवडतो. सर्व दाव्यांना ती लावावी असा आग्रह जे धरतात त्यांनी १८७० नंतरच्या साताऱ्यातील एकतर्फी हुकूमनामे आठवावेत. वाटणीच्या दाव्यात हरलेली विधवा, बांधाच्या वादात हरलेला अल्पभूधारक, गहाणखताच्या दाव्यात हजरच न राहिलेला ऋणको यांच्यावर समोरच्याच्या वकिलाची प्रत्यक्ष फी बसविण्याची मुभा द्यायची असेल, तर त्यांच्या वतीने हरकत घेणारा कोणी तरी आधी उभा करावा लागेल, जसा १८७९ च्या कायद्याने उभा केला होता. साध्या दिवाणी दाव्यात वाटणी, बांध, गहाण आणि भाडेकरू यांच्या हुकूमनाम्यांखाली अजूनही तोच दोन बाजूंचा तक्ता येतो, आणि त्यातील वकिलाच्या फीच्या ओळीत अजूनही दाव्याची रक्कम भरण्यासाठीच जागा ठेवलेली असते.